मोकळी नळी आणि निरोगी नळी

मी ठाण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. मूल होत नाही म्हणून आमच्याकडे येणाऱ्या अनेक स्त्रियांनी गर्भनलिकांची एक्स-रे तपासणी आधीच करून घेतलेली असते आणि अहवालातल्या ‘दोन्ही नळ्या मोकळ्या’ या शब्दांवर घरच्यांची सारी भिस्त असते. किसननगरमधल्या एका तिशीतल्या बाईंच्या बाबतीत या शब्दांचा खरा अर्थ किती मर्यादित असतो, हे मला फार जवळून पाहायला मिळाले.

भर पावसात एका संध्याकाळी नवरा आणि सासूबाई त्यांना रिक्षाने घेऊन आले. लग्नानंतर अनेक वर्षांनी पाळी चुकली होती, त्यामुळे ओटीपोटात उठलेली कळ दिवस गेल्यामुळेच असावी असे सासूबाईंना वाटत होते. मला काळजी वाटली ती मात्र त्यांच्या दुखणाऱ्या उजव्या खांद्याची. पोटात रक्त साचून ते श्वासपटलाखाली पोहोचले की ही वेदना खांद्यात जाणवते. नाडी जलद होती, रक्तदाब उतरलेला होता. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसले आणि पोटात रक्त. गर्भ डाव्या नळीत रुजून नळी फुटली होती. बाईंचा जीव वाचवायचा तर ताबडतोब शस्त्रक्रिया करणे भाग होते.

पोट उघडून रक्तस्राव थांबवला, फुटलेली नळी काढली आणि मग उजवी नळी पाहिली. ती जाड, ताठर झालेली होती, टोकाची झालर एकमेकांना चिकटली होती आणि पृष्ठभागावर बाजरीच्या दाण्यांसारखे बारीक पांढुरके ठिपके होते. ते पाहताच मला क्षयाची शंका आली, म्हणून काढलेल्या नळीचे तुकडे सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी आणि जंतूंच्या जनुकीय चाचणीसाठी पाठवले. जनुकीय चाचणीत जंतू सापडले नाहीत, कारण अशा ठिकाणी ते फारच थोडे असतात; पण सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या गाठी स्पष्ट दिसल्या.

“मॅडम, रिपोर्टमध्ये नळ्या उघड्या होत्या ना?” नवऱ्याने विचारले. प्रश्न रास्त होता. तपासणीत एक्स-रेमध्ये दिसणारा द्रव गर्भाशयात दाबाने सोडतात आणि तो नळीतून पोटात सांडला की मार्ग आहे असे ठरते. गर्भाला मात्र नुसता मार्ग पुरत नाही. साधारण 10 ते 12 सेंटिमीटर लांबीच्या या नळीत बीजाचे फलन झाल्यावर आतल्या सूक्ष्म केसांची हालचाल आणि स्नायूंच्या लहरी त्याला तीन-चार दिवसांत गर्भाशयाकडे नेतात. संसर्गाने हे केस झडले, आतल्या घड्या चिकटल्या, की गर्भ वाटेतच अडकतो. हे नुकसान एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. क्षयाखेरीज क्लॅमिडिया आणि गनोरिया हे लैंगिक संबंधांतून होणारे संसर्ग, गर्भपातानंतरचा संसर्ग किंवा एंडोमेट्रिओसिसही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) नळ्यांना अशीच इजा करतात, आणि क्लॅमिडिया तर बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता.

बाईंनी सांगितले की त्यांना कधी खोकला झालाच नव्हता. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांनी मात्र टीबीची औषधे घेतली होती. श्वासातून फुफ्फुसात गेलेले जंतू रक्तावाटे नळ्यांपर्यंत जातात आणि तिथे वर्षानुवर्षे शांत पडून राहू शकतात.

“हिची भांडी वेगळी ठेवायची का हो?” सासूबाईंनी हळू आवाजात विचारले.

“नाही मावशी. छातीचा एक्स-रे साफ आहे आणि नळ्यांचा टीबी भांड्यांतून किंवा एकत्र राहण्याने पसरत नाही,” मी म्हणाले. त्या माउलीच्या चेहऱ्यावरची भीती उतरली, तेव्हा हा प्रश्न त्यांनी मनात न ठेवता विचारला याचे मला फार बरे वाटले. शासकीय नोंदणी करून सहा महिन्यांची मोफत औषधे सुरू झाली आणि सुनेच्या गोळ्यांची वेळ सासूबाईच सांभाळू लागल्या.

औषधांनी जंतू मरतात, पण नळीतला व्रण पुसला जात नाही. म्हणून कोर्स संपल्यावर दुर्बिणीने गर्भाशयाचे अस्तर पाहिले. ते सुदैवाने सुरक्षित होते. उरलेल्या नळीच्या भरवशावर राहिल्यास गर्भ पुन्हा नळीतच रुजण्याचा धोका आहे, हे दोघांना समजावून सांगितल्यावर त्यांनी टेस्ट-ट्यूब बेबी उपचार घ्यायचे ठरवले आहे. त्याआधी उजव्या नळीत पाणी साचले आहे का, हे पाहावे लागेल. साचले असल्यास ते गर्भाशयात झिरपून गर्भ रुजण्यात अडथळा आणते, त्यामुळे आधी तीही नळी काढावी लागेल, याची त्यांना पूर्ण कल्पना दिली आहे.