एक थेंबही खाली नको: जमिनीवरच्या बोटीचा एसी

आमच्या बोट दुरुस्तीच्या यार्डात नवा नियम लागला. जमिनीवर उभ्या केलेल्या बोटीतून पाण्याचा एक थेंबही खाली पडता कामा नये. दुबईतला ऑगस्ट आणि माझं काम बोटींच्या एसीचं, त्यामुळे तो फलक वाचून माझं डोकंच फिरलं.

घरी अजून कुणाला खरं वाटत नाही की बोटीलाही एसी असतो. नाशिकच्या गंगापूर धरणावरच्या बोट क्लबला आपण वारा खायला जातो, तिथे एसीची गरज कुणाला? इथे मात्र त्याच्याशिवाय बोटीत पाऊल ठेववत नाही. आपल्या घरच्या स्प्लिटचं बाहेरचं युनिट खोलीतली उष्णता पंख्याने हवेत फेकतं. बोटीत ते काम समुद्र करतो. तळाच्या व्हॉल्व्हमधून पाणी आत येतं, गाळणी आणि पंपातून कंडेन्सरमध्ये, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागात, फिरतं आणि कडेच्या भोकातून बाहेर पडतं. बोट क्रेनने उचलून स्टँडवर ठेवली की समुद्रही गेला आणि एसीही.

आजवर सगळे नळाचा पाईप जोडायचे आणि पाणी खाली सोडून द्यायचे. एका टनाच्या एसीला मिनिटाला दहा-अकरा लिटर पाणी लागतं, म्हणजे तासाला सहाशे लिटरच्या वर. तेही समुद्राचं पाणी गोडं करून मिळवलेलं. शिवाय बोटीच्या तळाच्या रंगात तांबं असतं. खरवडलेला रंग यार्डात पडलेला असतो आणि तो त्या पाण्याबरोबर वाहत जाणार. त्यामुळे नियम बरोबर आहे, हे मला पहिल्या दिवसापासून मान्य आहे. राग आला तो आत वायरिंग करणाऱ्या पोरांचा विचार कुणी केला नाही म्हणून.

खरं तर उन्हाच्या बाबतीत इथला कायदा मला मनापासून आवडतो. १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्यावर उन्हात काम बंद. म्हणजे बंदच. आपल्याकडे पाथर्डी फाट्याला मे महिन्यात भर दुपारी स्लॅब पडताना मी पाहिलाय, आणि तेव्हा कुणी कुणाला थांबवलं नव्हतं. पण फायबरची बंद केबिन ‘उघड्यावर’ या शब्दात बसत नाही. तिथे स्क्रूड्रायव्हरची दांडीसुद्धा हातात धरवत नाही. आणि एक सांगतो, नाशिकला कितीही तापलं तरी रात्री गच्चीवर झोप लागते. इथे रात्री अकराला एसीतून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते. कायदा त्यांचा चांगला, हवा आपली.

सुपरवायझर म्हणाला, बोटीत पाण्याची टाकी आहेच, तेच पाणी फिरव. ऐकायला सोपं वाटतं. टाकी चारशे लिटरची. एक टनाचा एसी केबिनमधून साडेतीन किलोवॉट उष्णता काढतो, त्यात कॉम्प्रेसरची भर पडून साधारण साडेचार किलोवॉट पाण्यात जाते. चारशे लिटर पाणी त्याने तासाला जवळजवळ दहा अंशांनी तापतं. सुरुवातच बत्तीस अंशांना असेल तर दोन तासांत पन्नाशी पार होते आणि गॅसचा दाब वाढून कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो (ट्रिप होतो). अगदी तसंच झालं. त्याआधीच टाकीवरच्या बाकाची फळी इतकी गरम झाली होती की तिच्यावर बसवेना. केबिनमधून काढलेली उष्णता आम्ही केबिनच्याच पोटात साठवत होतो. बोट पाण्यात असती आणि तळ पोलादी असता तर टाकीची उष्णता पत्र्यातून समुद्रात गेली असती. फायबरमधून ती जात नाही.

पिंपळगावच्या मामांना फोन लावला. त्यांचं आयुष्य द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाच्या प्लांटवर गेलंय. एक्सपोर्टचा माल तोडल्यावर काही तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट गार करायला, घ्यावा लागतो, आणि तेव्हा कंडेन्सर बंद पडून चालत नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “टाकी मोठी करून काय होणार रे? उशिराने तापेल, एवढंच. थोडं पाणी वाफ होऊन उडू दे. कूलर लाव त्याला.”

एक लिटर पाणी वाफ होताना जवळपास २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. म्हणजे आमची सगळी उष्णता न्यायला तासाला सातेक लिटर पाणी पुरतं. आम्ही जुना डेझर्ट कूलर मिळवला आणि डेकवर ताडपत्रीच्या सावलीत ठेवला. टाकीतलं पाणी कंडेन्सरमधून वर कूलरच्या पॅडवर आणि तिथून उताराने परत टाकीत. वीस लिटरचा जार तीनेक तास पुरतो. एसीच्या ट्रेमध्ये साचणारं पाणीही त्याच टाकीत वळवलं, कारण तेही खाली पडून चालणार नव्हतं. दुपारी टाकी चौतीसच्या आसपास राहते, दमट रात्री छत्तीसपर्यंत जाते. इथला समुद्रही ऑगस्टात जवळपास तितकाच तापलेला असतो, त्यामुळे एसीची काही तक्रार नाही. जमीन कोरडी.

हे पाणी प्यायचं नाही, असं टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. कंडेन्सरच्या नळीत तांबं असतं, आणि कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. म्हणून काम संपलं की पाणी ड्रममध्ये काढायचं, टाकी क्लोरीनने धुवायची आणि मगच बोट परत द्यायची. पाणी उडत गेलं की क्षार मागे उरतात, म्हणून मधूनमधून थोडं पाणी बदलायचं, हेही मामांचंच. इथलं पाणी मऊ आहे, त्रास कमी होतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यावर कूलरची जाळी किती लवकर पांढरी होते, ते तुम्हाला माहीतच आहे.

सातपूरला नोकरी होती, ती सोडून परदेशात होड्यांचे एसी दुरुस्त करतो, असं नातेवाइकांत बोललं जातं. बोलू देत. पगार इथे जास्त आहे, आईच्या औषधांचा खर्च त्यातूनच निघतो, आणि जे येतं ते मी नाशिकलाच शिकलोय. आता शेजारच्या दोन बोटींवर तसाच कूलर बसवायचाय. मामांना व्हिडिओ पाठवला, तर त्यांनी पंपाचा आवाज ऐकून सांगितलं की पाण्याबरोबर हवा ओढतोय, सक्शनच्या पाईपचा क्लॅम्प बघ. क्लॅम्प खरंच ढिला होता.