ओरलला कॉम्प्युटर बंद

सेकंड इयरच्या ओरलला मी स्क्रीन बंद करायला लावते आणि कागदावर सात आकडे देते: ३, ८, १२, १९, २५, ३१, ४०. बायनरी सर्चने, म्हणजे दर वेळी मधला आकडा बघून नको असलेला अर्धा भाग सोडून देत, २६ शोधा. दर पायरीला लो, हाय, मिड (उरलेल्या भागाची पहिली, शेवटची आणि मधली जागा, मोजणी ० पासून) लिहा. मुद्दामच यादीत नसलेला आकडा. पाठ केलेला कोड इथेच अडतो.

परवा एकीने मधला आकडा २६ पेक्षा मोठा निघाल्यावर 'हाय = मिड - १' ऐवजी 'हाय = मिड' धरलं. लो ५, हाय ५ वर गाडी अडकली. "मॅडम, हे संपणारच नाही!" म्हणाली आणि कारण स्वतःच शोधलं. मी पूर्ण मार्क दिले. नुसतं उत्तर तपासलं असतं तर तिचा विचार दिसलाच नसता. शेवटी विचारलं, दहा लाख आकडे असतील तर किती फेऱ्या? जरा थांबून म्हणाली, "फार तर २०."