कालवं पाणी गाळतात, पण नायट्रोजन जातो कुठे?

विश्वामित्रीचं पाणी ढाढरमधून खंभातच्या आखातात जातं, महीचंही तिथेच. वडोदऱ्याच्या माणसाला हा समुद्र भेटतो तो बहुधा कावी-कंबोईला, स्तंभेश्वराची पिंडी भरतीत बुडताना. त्या गढूळ पाण्यात सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरसही असतो. मग खाडीत कालवं (ऑयस्टर, शिंपल्यातले जीव) वाढवावीत, ती पाणी साफ करतील, असं वाटणं साहजिक आहे. हिशेब मात्र जरा निराळा आहे.

मोठं कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं. हा आकडा अमेरिकेतल्या जातीचा, तोही सगळं मनासारखं असताना. शिवाय कालव विरघळलेलं नायट्रेट खात नाही; नायट्रेटवर वाढलेले सूक्ष्म प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खातं. त्यातला थोडा नायट्रोजन मांसात आणि शिंपल्यात बसतो, काही अमोनिया होऊन लगेच पाण्यात परत येतो, उरलेला विष्ठेतून चिखलावर पडतो. म्हणून कालवांच्या दाट वस्तीवरून वाहून आलेल्या पाण्यात अमोनिया वाढलेला सापडतो. तिथे नुसतं नायट्रेट मोजणाऱ्याची फसगत ठरलेली.

सुक्या मांसात नायट्रोजन साधारण ८ टक्के, शिंपल्यात ०.२ टक्के धरा. १ ग्रॅम सुकं मांस आणि १०० ग्रॅम शिंपला असलेल्या कालवात ८० अधिक २००, म्हणजे २८० मिलिग्रॅम. एका माणसामागे सांडपाण्यात रोज १० ते १२ ग्रॅम नायट्रोजन जातो. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसापोटी चाळीसेक कालवं, तीही खाडीतून बाहेर काढली तरच. मेली की तो ऐवज खाडीलाच परत. आणि घाण पाण्यातली कालवं जंतू आणि जड धातू साठवतात, तेव्हा ती ताटात नकोत.

खरं काम चिखल करतो. वरच्या काही मिलिमीटरांत प्राणवायू असतो, तिथले जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. त्याच्या खाली प्राणवायू नसतो. तिथले दुसरे जीवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. तिवरांची (खारफुटीची) मुळं चिखलात प्राणवायू झिरपवतात, त्यामुळे हे दोन थर एकमेकांना खेटून राहतात. पण विष्ठा फार साचली की वरचा थरही गुदमरतो. चिखल काळा पडतो, सडक्या अंड्यांचा वास येतो, अमोनियाचं नायट्रेट होणं थांबतं आणि तो सरळ पाण्यात चढतो. कालवं 'जितकी जास्त तितकी बरी' हे इथे खोटं ठरतं.

आता मोजणी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे समुद्राच्या पाण्यानं झालेली पातळणी कालवांच्या नावावर जमा करणं. प्रत्येक नमुन्याची क्षारता (खारटपणा) मोजा आणि नायट्रेटसमोर मांडा. नदीच्या टोकाला क्षारता ० आणि नायट्रेट लिटरमागे १०० मायक्रोमोल, समुद्राच्या टोकाला ३५ आणि ५ असेल, तर १७.५ क्षारतेला ५२.५ हे नुसत्या मिसळण्यानेच येतं. ४० आले तर १२.५ कुठेतरी खर्च झाले. ६५ आले तर वाटेत कोणीतरी ओतलंय.

बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवा, ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा धुवा. फॉस्फेट असलेल्या साबणाला जवळही फिरकू देऊ नका. ०.४५ मायक्रॉनची गाळणी जागेवरच वापरायची, पण खंभातच्या गाळानं ती चटकन तुंबते. मग घाईनं जोर लावला की प्लवक फुटतात आणि त्यांच्यातला अमोनिया नमुन्यात उतरतो. आधी जाड गाळणीतून काढा किंवा गाळणी बदलत राहा. नमुना बर्फात ठेवा, अमोनिया त्याच दिवशी मोजा, बाकीचे उणे २० अंशांवर गोठवा. सिलिकेटही मोजणार असाल तर त्याची बाटली गोठवायची नाही, नुसती थंड ठेवायची.

फॉस्फेटला मॉलिब्डेटची निळी पद्धत: अभिकारक (रंग आणणारं रसायन) घातलं की नमुना निळा होतो, तो रंग ८८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. न गाळलेल्या नमुन्यात अभिकारकातलं आम्ल मातीला चिकटलेलं फॉस्फेट सोडवतं आणि आकडा फुगतो. गाळलेलं पाणीही किंचित गढूळ असेल तर अभिकारक घालण्याआधीचं वाचन घेऊन वजा करा. प्रमाणद्रावणं (तुलनेसाठीची, ठाऊक प्रमाणाची द्रावणं) साध्या पाण्यात नव्हे, नमुन्याइतक्याच खारट पाण्यात करा.

खंभातला भरती-ओहोटीचा फरक उधाणाला १० मीटरच्या आसपास जातो आणि चिखल सतत ढवळला जातो. इतक्या गाळात कालव खाण्यापेक्षा माती श्लेष्मात गुंडाळून थुंकण्यातच शक्ती घालवतं, किंवा शिंपला मिटून बसतं. त्यामुळे इथे पैसा आधी सांडपाणी शुद्धीकरणावर आणि तिवरांवर घालावा, असं माझं स्पष्ट मत. मोजणी मात्र उधाणाला आणि भांगाला (भरती-ओहोटीचा फरक सगळ्यात कमी असताना), दोन्ही वेळा करावी. एकाच दिवसाच्या बाटल्यांत गाळाचा हिशेब बसत नाही.