मग सोमवार कोणाचा?

सोमवारी रात्री मी जेवत नाही. जेवायला बोलावणारा हमखास विचारतो, "शंकराचा का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग कोणाचा?" लालबहादूर शास्त्रींचा, म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मी गंमत करत नाही हे कळल्यावर जरा गप्प होतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

१९६५ साली मी तिसरीत होतो, कराडजवळच्या एका खेड्यात. पावसानं दगा दिलेला, देश बोटीनं येणाऱ्या अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून, त्यात पाकिस्तानशी लढाई जुंपलेली. संरक्षणमंत्री आमच्या कराडचे यशवंतराव, त्यामुळे लढाईही गावाला घरचीच वाटायची. पंतप्रधानांनी सांगितलं, आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा. शहरात सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहायची म्हणे. आमच्याकडे सोमवारी दिवस मावळला की चूल पेटायची नाही. पोरांना शेंगदाणे-गूळ. एकदा मी दुरडीतली सकाळची भाकरी चोरून खाल्ली. आईनं पाहिलं, पण ओरडली नाही. "त्या माणसानं आपल्या घरापासनं सुरवात केली म्हणं," एवढंच बोलली. ती भाकरी मला अजून गिळवत नाही.

११ जानेवारी १९६६, मंगळवार. चावडीवरच्या रेडिओभोवती माणसं जमली होती. आदल्या दिवशी ताश्कंदला पाकिस्तानशी करार झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर शास्त्री गेले. घरी येऊन सांगितलं तर आई भाकरी थापत होती. हात थांबला. "काल सोमवार व्हता. उपाशीपोटीच गेला आसंल का रं?"

९ जून १९६४ ला पंतप्रधान झाले होते. उणेपुरे १९ महिने.

आता मोठेपणी वाचलेलं थोडं. जवानांनी जिंकलेली हाजी पीरची खिंड त्या करारात परत द्यायची ठरली होती. मंत्रिमंडळातल्या महावीर त्यागींनी निषेध म्हणून राजीनामा दिला. शास्त्री परत आले असते तर विमानतळावर हारच पडले असते, असं काही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मरणानं तो राग जागच्या जागी विझवला. नेहरूंना १७ वर्षं मिळाली, लोक आजही त्यांच्या चुका मोजतात. शास्त्रींच्या मोजायला कोणी बसत नाही. पण उलट बाजूही तशीच. अन्नमंत्री सुब्रह्मण्यम मेक्सिकोचं गव्हाचं बियाणं आणायला निघाले तेव्हा पाठीशी शास्त्री उभे राहिले, आणि कोठारं भरली ती ते गेल्यावर. त्याचंही माप त्यांच्या पदरात पडत नाही.

मी आता मुलुंडला असतो. जुन्या आग्रा रोडला त्यांचं नाव आहे, लालबहादूर शास्त्री मार्ग. "काका, एलबीएसला अडकलोय, दहा मिनिटं," असं पार्सलवाला पोरगा फोनवर सांगतो. एलबीएस म्हणजे कोण, एकदा विचारलं. म्हणाला, "मेट्रोचं काम चाललंय ना, तो." मुलाच्या पिढीला दोनच गोष्टी माहीत: कर्ज काढून घेतलेली फियाट, आणि "त्यांना विष दिलं होतं का हो?" शवविच्छेदन झालं नाही हे खरं, आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता हेही खरं. याउपर मी बोलत नाही. माणूस १९ महिने राज्य करतो आणि लोकांना त्यातली शेवटची रात्रच हवी असते, याचा मला कंटाळा येतो.

नात सहा वर्षांची आहे. गेल्या सोमवारी शेजारच्या काकू डब्यात पुरणपोळी घेऊन आल्या. हिनं दारातच त्यांना थांबवलं.

"आजोबांना नको. त्यांची आज शास्त्री आहे."

चतुर्थी असते, एकादशी असते, तशी शास्त्री. काकूंनी मान डोलावली आणि डबा ओट्यावर ठेवला. "उद्या सोडतील तेव्हा द्या," म्हणाल्या.