सिडनीचा बग, मेलबर्नचा फ्लेक

ऑस्ट्रेलियात कोळंबी म्हणजे प्रॉन. सिडनीच्या फिश मार्केटमध्ये बर्फावर स्कूल, किंग, टायगर अशा जातींच्या राशी होत्या; जातीचं नाव बदलायचं, पुढचं प्रॉन कायम. अमेरिकेतला ‘श्रिंप’ कुणाच्या तोंडी नव्हता. १९८४ सालच्या प्रसिद्ध पर्यटन जाहिरातीत ऑस्ट्रेलियन अभिनेता पॉल होगन तो शब्द वापरतो, कारण ती जाहिरात अमेरिकनांसाठीच होती.

माझा जीव जडला तो मात्र बगवर. शेवंडीचा हा चपटा भाऊबंद. नांग्या नाहीत, तोंडापुढे फावड्यासारखी रुंद पाती, आणि शेपटीत पांढरंशुभ्र, गोडसर मांस. सिडनीत बाल्मेन बग, तिथल्या खाडीकाठच्या उपनगराच्या नावाचा. ब्रिस्बेनकडचा मोरटन बे बग, तिथल्या उपसागराच्या नावाचा. विक्रेतीनं दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवला: बाल्मेनचे डोळे मधल्या बाजूला, मोरटन बेचे पार कडेला. या दुसऱ्याच्या कुळातला प्राणी आपल्या मुंबईच्या ट्रॉलरांच्या जाळ्यातही येतो. लसूण-लोणी लावून निखाऱ्यावर भाजलेला बग चुकवू नका.

स्कॅलपच्या बाबतीत गाव बघून बोलावं. सिडनीतल्या फिश अँड चिप्सच्या दुकानात स्कॅलप म्हणजे पिठात बुडवून तळलेली बटाट्याची जाड चकती. तीच मेलबर्नला पोटॅटो केक, ॲडलेडला फ्रिटर. शिंपल्यातला स्कॅलप हवा असेल तर तसं स्पष्ट सांगायचं.

मेलबर्नला फलकावर सगळ्यात वर असतो फ्लेक. ही मुशी, मालवणकडे जिला मोरी म्हणतात ती. काटे नाहीत, मांस मऊ, त्यामुळे मुलंही निर्धास्त खातात. मला फार आवडला. पण एका गोष्टीची काळजी वाटते. तिथल्या माशांच्या प्रमाणित नावांच्या यादीत फ्लेक हे नाव गमी शार्क आणि न्यूझीलंडची रिग या दोन मुशींपुरतंच आहे, तरी दुकानात त्या नावाखाली दुसरी मुशीही खपते. गमी शार्कची संख्या चांगली आहे. स्कूल शार्क ही दुसरी मुशी मात्र अतिमासेमारीनं पार खालावली. म्हणून फ्लेक मागताना ‘कुठल्या शार्कचा?’ एवढं विचाराच. मी विचारलं, तेव्हा दुकानदारानं गमी असल्याचं लगेच सांगितलं आणि खोक्यावरचं लेबलही दाखवलं.