वॉल्टर टलचे सामने शोधताना

वॉल्टर टलबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक त्याच्या शेवटच्या चार वर्षांचं. ब्रिटिश सैन्यात अधिकारी झालेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीयांपैकी एक, 25 मार्च 1918 रोजी फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला, वगैरे. मला त्याआधीचा टल हवा होता, फुटबॉलवर पोट भरणारा. म्हणून जुन्या इंग्लिश वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहाची वर्गणी भरली आणि त्याचे सामने एकेक करून वहीत उतरवायला घेतले.

नुसतं आडनाव टाकून हाती काही लागत नाही. जुने अंक संगणकाने वाचलेले असतात आणि इंग्रजी लिपीत ‘टल’ व ‘फुल’ यांत एकाच अक्षराचा फरक, त्यामुळे प्रत्येक संघाचे फुल बॅक, म्हणजे बचावपटू, समोर येऊन उभे राहतात. शेवटी उलटीकडून गेलो. आधी क्लबच्या सामन्यांच्या तारखा काढायच्या, मग शनिवार संध्याकाळचे आणि सोमवारचे अंक चाळायचे. नाव नसलं तर संघाच्या यादीत इनसाइड लेफ्टच्या जागी कोण आहे ते पाहायचं. तेव्हा पाच जणांची आघाडीची फळी असे, आणि टल आधी तिथे खेळायचा.

या पद्धतीने माणूस हळूहळू उभा राहिला. जन्म 1888, फोकस्टनचा. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई केंटची. दोघंही लवकर गेली आणि वॉल्टर व त्याचा भाऊ एडवर्ड लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या अनाथाश्रमात आले. एडवर्डला ग्लासगोच्या कुटुंबाने दत्तक घेतलं, तो पुढे दंतवैद्य झाला. वॉल्टर मागेच राहिला. 1908-09 मध्ये क्लॅप्टन या हौशी संघाकडून त्याने एफए अमॅच्युअर कप जिंकला, आणि 1909 मध्येच लंडनच्या टॉटनहॅम क्लबने त्याला घेतलं. त्या काळी लीगमध्ये जास्तीत जास्त पगार आठवड्याला 4 पौंड, आणि क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. हा नियम माहीत नसेल तर पुढची त्याची वाटचाल समजतच नाही.

सप्टेंबर 1909 मध्ये तो पहिल्या श्रेणीत खेळू लागला. घरच्या मैदानावर त्याचा पहिला सामना मँचेस्टर युनायटेडशी, म्हणजे त्या वर्षीच्या एफए कप विजेत्यांशी. मग ऑक्टोबरात ब्रिस्टलमधला सामना. ‘फुटबॉल स्टार’च्या वार्ताहराने लिहून ठेवलंय की प्रेक्षकांतल्या एका गटाने त्याला अशा शिव्या घातल्या की बिलिंग्सगेटच्या मासळीबाजारालाही लाज वाटावी. मैदानावरचा सर्वोत्तम आघाडीवीर मात्र तोच होता, असंही त्याने नोंदवलं. हा वृत्तांत वाचून मी त्या दिवशी पुढे काही वाचू शकलो नाही.

त्यानंतर लवकरच पहिल्या संघाच्या यादीतून नाव जातं. त्या शिव्यांमुळेच वगळलं असं कुठल्या कागदावर मला सापडलेलं नाही, पण इतका चांगला खेळणारा माणूस राखीव संघात ठेवण्याचं दुसरं कारणही दिसत नाही. टॉटनहॅमसाठी लीगचे अवघे 10 सामने, 2 गोल.

ऑक्टोबर 1911 मध्ये व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनने त्याला नॉर्दॅम्प्टन क्लबकडे नेलं. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल घडवणारा हाच तो चॅपमन. नॉर्दॅम्प्टन सदर्न लीगमध्ये, म्हणजे एक पायरी खाली. पण वहीची पानं इथेच भरली! तिथे त्याला मधल्या फळीत, विंग हाफला आणलं, आणि 111 सामने, 9 गोल अशी सलग कारकीर्द झाली. त्याला खरं घर मिळालं ते इथे, असं मला ठामपणे वाटतं. 1999 मध्ये स्मारक उभारलं तेही याच क्लबच्या मैदानाशेजारी.

डिसेंबर 1914 मध्ये तो फुटबॉलपटूंच्या पलटणीत, 17व्या मिडलसेक्समध्ये दाखल झाला. सुरुवातीला पलटणीतल्या खेळाडूंना शनिवारी क्लबसाठी खेळायला सुट्टी मिळे, त्यामुळे भरतीच्या तारखेवर शोध थांबवू नये, त्या मोसमाच्या शेवटापर्यंतचे अंक पाहावेत. कोणाला हेच करायचं असेल तर नॉर्दॅम्प्टनच्या स्थानिक पत्रांपासून सुरुवात करा. लंडनच्या पत्रांत त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते, तिथे मात्र अख्खे परिच्छेद आहेत.