तुम्ही विचारलंत म्हणून: सेनेकाच्या पैशांबद्दल

स्टोइकांविषयी, म्हणजे सद्गुण हेच खरं धन मानणाऱ्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांविषयी, कुठेही बोललं की हा प्रश्न येतोच: रोमन सम्राट नीरोच्या दरबारातला गडगंज स्टोइक सेनेका आम्हाला गरिबीला भिऊ नका म्हणून सांगणार? पाठोपाठ ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ येतं आणि कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवणारे तुकोबा येतात.

आक्षेप जुनाच आहे. इ.स. ५८ मध्ये सुइलियसने रोममध्ये तो उघड घेतला होता: चार वर्षांच्या राजमैत्रीत ३० कोटी सेस्टर्शियस (रोमन नाणी) सेनेकाने कुठल्या तत्त्वज्ञानाने जमवले? सुइलियस स्वतः पैसे घेऊन खटले चालवणारा, पण म्हणून त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही.

पूर्वी मी यावर ठरलेलं उत्तर देत असे: स्टोइकांच्या मते संपत्ती मुळात चांगली नाही आणि वाईटही नाही; आली तर वापरावी, गेली तर रडू नये. उत्तर चुकीचं नाही. पण सगळी अडचण त्या ‘गेली तर’मध्ये आहे, म्हणून इ.स. ६२ नीट पाहायला हवं.

त्या वर्षी सम्राटाच्या रक्षकदलाचा प्रमुख बुरस वारला. नीरोला आवर घालणाऱ्या दोघांपैकी आता सेनेका एकटाच उरला. याच्या बागा, याचे वाडे सम्राटापेक्षा भारी, असं लोक नीरोच्या कानात भरवू लागले. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो, सेनेकाने भेट मागितली आणि विनंती केली: तुम्ही दिलेलं सगळं परत घ्या, तुमच्या माणसांकडे त्याचा कारभार सोपवा, बागा-वाड्यांपायी जाणारा माझा वेळ मी मनाला देईन. नीरोने साफ नकार दिला. तुम्ही हे परत केलंत तर लोक तुमच्या संयमाचं कौतुक करणार नाहीत, माझ्या हावरेपणाबद्दल आणि क्रूरपणाच्या धास्तीबद्दल बोलतील. मग मिठी, मुका. सेनेकाने आभार मानले, घरी आला आणि सकाळी भेटायला येणाऱ्यांची रीघ बंद केली. शहरात तो क्वचितच दिसू लागला. तुकोबांची खतं त्यांच्याच हातात होती. इथे नुसतं परत करणं हाच सम्राटावर आरोप ठरला असता.

तरीही हे धन त्याने मुळात घेतलंच होतं. आणि ५९ मध्ये नीरोने आईला मारवलं, त्याचं समर्थन करणारं सिनेटला गेलेलं पत्र सेनेकाने लिहिलं म्हणून त्याच्यावर ठपका आला. त्याचा बचाव मी करत नाही.

सेनेकाने लुसिलियस या मित्राला लिहिलेली पत्रं या माघारीनंतरची आहेत. अठराव्या पत्रात कृती दिली आहे: सलग तीन-चार दिवस, कधी जास्तही, अगदी स्वस्त, कोरडी पोळी खा, जाडंभरडं नेसा, खऱ्याखुऱ्या कडक बिछान्यावर झोपा आणि स्वतःला विचारा, याचीच भीती होती का? हे सुबत्तेतच करायचं, कारण संकट आल्यावर सराव होत नाही. बिघडतं कुठे तेही तो सांगतो. रोमचे श्रीमंत वाड्यात हौसेने ‘गरिबाची खोली’ बांधत. तसा खेळ झाला की उपयोग संपला. शिवाय यात मिरवण्यासारखं काही नाही, हजारो गुलाम आणि गरीब रोज हेच करतात, असं तो स्वतःच म्हणतो. म्हणजे हे औषध श्रीमंताच्या भीतीवरचं आहे, आणि ते श्रीमंतालाच दिलेलं आहे.

खुद्द सेनेकाला त्याचा गुण किती आला? सत्त्याऐंशीवं पत्र वाचा. तो प्रवासात आहे: एका गाडीत मावतील एवढेच नोकर, जमिनीवर गादी, जेवणात सुके अंजीर ठरलेले. खेचरं चालतात म्हणून जिवंत म्हणायची, हाकणारा अनवाणी, तोही उन्हाळा आहे म्हणून नव्हे. आणि समोरून कुणाचा थाटाचा लवाजमा आला की सेनेका लाजतो. ही लाज गेलेली नाही, म्हणजे मी अजून पुढे सरकलेलो नाही, असं तो लिहून ठेवतो. या कबुलीसाठी मी त्याचं ऐकतो.

ब्रिटनमध्ये लोकांच्या गळ्यात मारलेलं चार कोटी सेस्टर्शियसचं कर्ज त्याने एकदम वसुलीला काढलं आणि तिथल्या बंडाला ते एक कारण झालं, असं नंतरचा इतिहासकार दिओ सांगतो. दिओ त्याच्यावर खार खाऊन लिहितो, टॅसिटस याबद्दल काहीच बोलत नाही. पण ते खरं धरलं, तर अठरावं पत्र त्या कर्जदारांपुढे कोणत्या तोंडाने वाचायचं, हे मला अजून सुटलेलं नाही.